कडेला सुटलेली जागा

लातुरात औसा रोडला, क्लासच्या फाटकासमोर
आमचं दुकान आहे, चन्नवीर झेरॉक्स.
मशीनवर अप्पा. स्पायरल मारायला मी.
जूनपासून एप्रिलपर्यंत हाताखालून जातं
बेडकाचं काळीज, किडनीचा उभा छेद,
वाटाण्याच्या उंच आणि बुटक्या पिढ्या.
बाहेरगावची पोरं रांगेत उभी असतात
आणि मला वाटतं, अख्खा जिल्हा
पांढरा एप्रन घालूनच झोपतो.

मीही दोन वर्षं त्या फाटकातून आत गेले.
बायोलॉजीचं पुस्तक मला फार आवडायचं,
पण चुकीच्या कारणासाठी.
एका ठिकाणी लिहिलेलं, झाडं रात्रीही श्वास घेतात.
इंग्रजीत ते वाक्य असं संथ वळायचं
की पुढच्या प्रश्नाला मी गेलेच नाही.
सातशेवीसपैकी दोनशे एकसष्ट.
रिझल्टची प्रिंट अप्पांनीच काढली.
पैसे घेतले नाहीत, एवढंच.

मला इंग्रजी कुठं सापडली, सांगते.
खराब निघालेल्या कॉप्यांत.
पेन्शनीतले वडवळकर सर महिन्याला एकदा
लायब्ररीचं जाड पुस्तक घेऊन यायचे.
वाकडी आलेली, कडा काळी पडलेली,
टोनर संपताना फिकट होत गेलेली पानं
अप्पा खोक्यात टाकायचे, पाठकोरी म्हणून, हिशेबाला.
मी आधी पुढची बाजू वाचायचे.
कुठल्या पुस्तकातली, ठाऊक नाही.
एक बाई खिडकीशी उभी, हातात न फोडलेलं पत्र,
आणि पान संपतं.
मी आठवीतून बारावीत गेले,
ती अजून तिथंच उभी.

डिक्शनरी गंजगोलाईतल्या रद्दीतली,
'सी'पासून सुरू होणारी.
ए आणि बीचे शब्द मी अंदाजानंच चालवले.
'नाइफ'च्या आधीचा 'के' पाहून मात्र थबकले :
लिहायचा, पण उच्चारायचा नाही.
मायचं नाव आमच्या रेशनकार्डावर असंच आहे.

परवा फॉर्म भरला. बीए, मुख्य विषय इंग्रजी.
तीन वर्षं इथं, मग नांदेडला, विद्यापीठात.
मामा म्हणाले, "कामून गं?
इंग्रजी तर आता सगळ्यालाच येऊलालंय."
अप्पा काही बोलले नाहीत.
कागदाचं नवं रीम फोडलं, बोटांनी फुलवलं,
ट्रेमध्ये बसवलं. मग वाकून
मशीनमागून एक बाड काढलं,
निळं स्पायरल, माझ्या हातनं न मारलेलं.
आत सगळी तसलीच पानं,
ओळी आखूड-लांब, उजवीकडं पांढरंच पांढरं.

"सरांच्या पुस्तकात असलं पान आलं की
एक जास्तीचं काढून ठेवत गेलो," म्हणाले.
"मला काय वाचता येत न्हाई. पर जिथं
एवढा कागद वाया घालवलाय ना,
तिथं तू लई वेळ थांबतीस. बघितलंय."

मी मनात मोजलं. सत्तर-ऐंशी पानं,
रुपयाला एक, टोनर वेगळा.
दुसरं काही सुचेचना.
"पुढं धंदा काय ह्याचा?" त्यांनी विचारलंच.
"ठाऊक नाही," म्हणाले. खरं तेच होतं.

मग त्यांनी माझा फॉर्म काचेवर पालथा ठेवला,
झाकण दाबलं, बटण दाबलं
आणि अर्धं पान बाहेर आल्यावर लाइट गेली.
माझं नाव आलं होतं. विषय आत होता.
आम्ही पायरीवर येऊन बसलो.
समोर क्लास सुटला, जनरेटर धडधडायला लागला,
त्या आवाजात एक पोरगं ओरडून विचारून गेलं,
काका, कधी येईल?
"येईल की," अप्पा म्हणाले,
"मशीन गरम हाय अजून."