सरावाचं भोक

मोईदू म्हणाला, आधी भोक पाड.

तुर्भ्याच्या ट्रक टर्मिनलमागे
टायरांच्या उतरंडीखाली बसतो तो.
मलबारातून येऊन तीस-बत्तीस वर्षं झाली,
मराठी अजून लिंगात घसरते त्याची.
हातावर तारेचा तुकडा ठेवला,
पापणीच्या केसाएवढा.
"ट्रकचा टायर फुटतो ना, हा तार सांडतो रस्त्यावर.
खिळा दिसतो. हा नाय दिसत."

जुईनगर ते वेंगुर्ला, एकटी, चोपन्नाव्या वर्षी.
रजा मंजूर झाली,
हेल्मेटला रेडियम चिकटवून झालं,
आणि आता हे.

रात्री साडेदहा. सी विंगच्या दिव्याखाली
कोरी ट्यूब, पावडरचा वास न गेलेली.
तार टेकवली. हात मागे आला.
तीस वर्षं लॅबमध्ये
"जरा मूठ आवळा" म्हणत
लोकांच्या शिरेत सुई घातली मी,
तेव्हा कधी आला नव्हता.

मग टोचली.

बादली नाही घ्यायची.
केळशीच्या चढावर बादली कोण देणार?
ट्यूब ओठांशी धरून फिरवायची,
डोळे मिटून.
वरच्या ओठाला कळतं.
कोतवडेकर कुत्र्याला फिरवून आले,
थबकले,
काही न बोलता लिफ्टमध्ये शिरले.

सापडलं.
पॉलिश पेपरने घासलं, सोल्युशन लावलं,
आणि थांबले.
इथेच लोक चुकतात म्हणे,
ओलं असतानाच चिकटवतात.
मग टायरच्या आतून बोट, रुमाल गुंडाळून, हळू,
कारण टोचणारा बहुतेक वेळा
अजून आतच बसलेला असतो.

पिशवीत जुन्या मोज्यांत घातलेल्या दोन ट्यूब,
पंप, लिव्हर, डझनभर पॅच,
आणि चार घड्या घातलेली दहाची नोट,
टायरच चिरला तर आतून लावायला.
ती खर्चायची नाही. चहालासुद्धा.

मुलगी फोनवर म्हणते,
अगं, रस्त्यात मिळेल की कुणीतरी.
मिळेलच.
फक्त दुकान एक ते चार बंद असेल
आणि तो जेवून झोपलेला असेल.

सकाळी चाक बसलेलं.
पॅच पक्का होता.
वीतभर पुढे दोन बारीक चिरा, जोडीने,
माझ्याच लिव्हरने चावलेल्या.

मोईदू हसला नाही.
चहाचा ग्लास खाली ठेवून म्हणाला,
हा चांगला झाला. घरी झाला.
आता अंगठ्याने चढव. लिव्हर नको.

अंगठे दुखतायत.
निघायला नऊ दिवस आहेत.