सतरा नंबर

शिरपूरला मे महिन्यात प्राणीघराचा कूलर बंद पडला
की सुकलाल पावरा पिंजऱ्यांवर ओलं गोणपाट टाकतो.
लाईट येईपर्यंत आम्ही दोघं उभेच,
बावीस अंश, बावीस अंश, असं काट्याला विनवत.

सतरा नंबरला सकाळी पहिली सुई दिली.
दहा मिनिटांत तो स्वतःभोवती फिरायला लागला,
डावीकडे, फक्त डावीकडे,
मान हलवत, नसलेल्या वाटेचा वास घेत.
सुकलालनं विचारलं, "ताई, याला कोणाचा आवाज येतो?"
मी वहीत लिहिलं: फेऱ्या, एकशे बारा.

मग दुसरी सुई. भटूच्या गोळीतलंच औषध,
वजनाच्या हिशोबानं.
तासाभरात सतरा नंबर कोपऱ्यात बसला,
भुसा नाकाला चिकटलेला.
शांत म्हणावं तर शांत,
पण पाव्हण्याच्या घरी बसावं तसा.

पुढचं सुकलाल बघत नाही. बाहेर जाऊन तंबाखू मळतो.
बर्फावर मेंदू, भुईमुगाच्या शेंगेएवढा.
पुढचा तुकडा वेगळा, मधला वेगळा.
साखर किती जळली, किती उरली,
लॅक्टेट चढलं की उतरलं,
यंत्र रंग बघून आकडा देतं.
पहिल्या सुईनं भडकलेली चूल
दुसरीनं मंदावते, पण सगळीकडे सारखी नाही.
कुठे विझायला येते,
कुठे मुळी ऐकतच नाही.
एवढं मला सांगता येतं. दोन दशांश स्थळांपर्यंत.

संध्याकाळी सहाच्या एसटीनं थाळनेर.
भटू ओट्यावर.
दोन वर्षांपूर्वी तो ह्याच ओट्यावरून
तापीपलीकडच्या माणसांशी भांडायचा, रात्रभर.
आता भांडत नाही.
आता पँटचं बटण लागत नाही,
रात्री उठून कळण्याची भाकर कोरडीच खातो
अंधारात, डब्याचं झाकण न वाजवता.
रक्तात साखर निघाली, डॉक्टर म्हणाले.
कोणती साखर कुठे गेली, ते
त्याच्या बाबतीत मला मांडता येत नाही.
त्याला बर्फावर ठेवता येत नाही.

"तुन्हा उंदीर बरा व्हयना का वं?"
मी "हा" म्हणते.
"मंग त्याले घर धाडी दिधं का?"

मी चहा ठेवते. साखर अर्धा चमचा.
तो कपाकडे बघतो, मग नदीकडे,
मान जराशी डावीकडे करून,
आणि मी, सवयीनं,
मोजायला लागते.