हाताचा बूट

रोस्विताच्या भाषेत
हातमोज्याला हाताचा बूट म्हणतात.
त्यात काव्य वगैरे काही नाही,
शेंबडी पोरंही हिवाळाभर ओरडत असतात,
आई, माझा हाताचा एक बूट हरवला.

तर गेल्झेनकिर्शेन. ब्याऐंशीचा जानेवारी.
कोळशाच्या खाणीत कपडे बदलायचं दालन,
छतापासून लोंबणाऱ्या साखळ्या,
प्रत्येक साखळीला आकडा,
प्रत्येक आकड्याला एका माणसाचे कपडे.
बापाची साखळी सोडली तेव्हा खाली आला
टॉवेल, साबणाचा पत्र्याचा डबा
आणि एकच हातमोजा, डावा,
बोटं अजून काही धरून असल्यासारखी वाकलेली.
उजवा वर आलाच नाही.

गाणं तिनं विजेच्या बिलामागं लिहिलं.
चाल लावली धाकट्या भावाच्या दोस्तांनी.
एक सिंथेसायझर, एक ड्रम मशीन
आणि ठेका असा, की मुडदाही पाय हलवील.
मुडदा त्यात होताच.
कुणाच्या लक्षात आलं नाही.
पाच आठवडे पहिला नंबर.
हँबुर्गपासून म्युनिकपर्यंत पोरं
एका हातात मोजा चढवून नाचली,
दुसरा मोजा डिस्कोच्या फरशीवर
सकाळी झाडूनं गोळा व्हायचा.
ती स्वतः गात होती,
आणि खरं सांगायचं तर तीही नाचली.

मग लंडनहून फोन.
तिथला गीतकार नॉर्मन प्रिटचर्ड,
जर्मन शून्य. टेप टॅक्सीत ऐकली,
कुणीसं सांगितलं, गाणं हातमोज्यावर आहे.
इंग्रजीत ग्लव्ह म्हणायचा अवकाश,
लव्ह दारात उभंच असतं,
बसा न म्हणताच बसतं.
टॅक्सी थांबेस्तोवर गाणं तयार.
बाप गेला, खाण गेली, साखळी गेली,
आली फलाटावर एक पोरगी
आणि तिचा विसरभोळा प्रियकर.

रोस्वितानं तेही गायलं,
इंग्रजी शब्द जर्मन स्पेलिंगात उतरवून,
'थ' आला की जीभ दातांत चावत.
पैशांतून आईची कवळी झाली,
वॉशिंग मशीन आलं.
आई म्हणाली, गाणं छान आहे, कशावर आहे?

पुढे ज्यानं त्यानं गायलं.
एकानं पियानोवर, रडवेलं, विम्याच्या जाहिरातीसाठी.
एक ऑस्ट्रेलियात निघालं,
तिथल्या रेडिओवाल्याची खात्रीच पटली होती
की मोजा विकेटकीपरचा आहे.
आपल्या हातमोजा या शब्दाच्या पोटात
एक हुकूमच बसलाय: मोजा.
तिनं मोजल्या. अकरा आवृत्त्या.
अकरांत मिळून बाप शून्य.

चौऱ्याण्णवच्या शरदात एक पाकीट आलं.
डरहॅमकडच्या कुठल्याशा गावातून,
खाण बंद होऊन वर्ष झालेलं,
कामगारांच्या क्लबात शनिवारी गाणारी
कुणी मॉरीन ऑलगुड.
पत्रात लिहिलं होतं,
जाहिरातीतलं गाणं घेतलंय, शब्द थोडे बदललेत,
कायद्यानं विचारावं लागतं म्हणून विचारते.
मूळ गाणं जर्मन आहे हे तिला
कॅसेटच्या कव्हरवरच्या बारीक अक्षरांत कळलं होतं,
तेवढंच.

रोस्वितानं कॅसेट ओट्यावर लावली.
ठेका नाही. मागं कुणीतरी खोकतंय,
ग्लास ठेवल्याचा आवाज.
फलाट नव्हता, पाळणा होता,
माणसांना खाली नेणारा.
प्रियकर नव्हता, नुसता "तो" होता,
आणि खुंटीवर एक मोजा,
ज्याला धुवायला घेववत नाही.

आईनं नळ बंद केला.
इंग्रजीचा तिला गंध नाही.
ओले हात तसेच धरून
शेवटपर्यंत उभी राहिली,
मग म्हणाली, परत लाव.

उत्तर रोस्वितानं तीनदा लिहिलं.
पहिल्या दोनांत बापाचं नाव होतं,
साखळीचा आकडाही होता. ते फाडले.
तिसरं पोस्टात टाकलं:

परवानगी आहे, पैसे नकोत.
फक्त दुसऱ्या कडव्यात तुम्ही उजवा म्हणता,
तिथं डावा करा.
उजवा आमच्याकडे नाही.