खात्रीलायक गोटातून

वसमतला हळदीच्या हंगामात
सगळ्यांचीच बोटं पिवळी होतात.
माझीही. बावीस वर्षं साध्या कपड्यात
मोंढ्यात उभा राहून
कोण कुणाला काय म्हणालं ते टिपत आलो.
'खात्रीलायक गोटातून समजते की'
इथून प्रत्येक अहवाल सुरू व्हायचा.
तो गोट म्हणजे
अल्ताफच्या हाटेलातला बाक, आणि मी.
खाली सही नसायची.

सटवाजी खिल्लारेचं नाव मीच वर धाडलं.
हमाली वाढवून मागायचं बोलत होता.
तीन वाक्यं ऐकली,
चौथं मी घातलं,
कागदाला वजन यावं म्हणून.
'गोदाम पेटवू' असं तो म्हणाला नव्हता.

तिसऱ्या दिवशी ठाण्यात गेलो.
मागच्या खोलीतून आवाज येत होता,
गिरणीचा पट्टा निसटून आपटतो तसा,
थांबून थांबून.
साहेब म्हणाले, "बसा की जमादार, चहा घ्या."
घेतला.
पूर्ण प्यालो. हे लिहायचं राहू नये.

मग दार किलकिलं झालं, पाय दिसले.
तळव्यांना कुणीतरी हळद थापली होती,
मायेनं
की वळ झाकायला,
अजून कळलं नाही.
डायरीत शाई ओली होती :
'आरोपी मोरीत घसरून पडला.'
घसरलेल्या माणसाचे
तळवे फुटत नाहीत, साहेब.

शेवंता म्हणाली, "पोरीचं लगीन तोंडावर आलंय,
कुणाचं नाव सांगायलाव तुम्ही?"
"माझं."
ती भाकरी थापायची थांबली.
तवा जळत राहिला.

रात्री न्यायाधीशांना अर्ज लिहायला बसलो.
हात सवयीनं लिहून गेला 'खात्रीलायक गोटातून'.
खोडलं.
'मी पाहिलं' लिहिलं.
'चौथं वाक्य माझं' लिहायला मात्र
कोंबडं आरवलं.
खाली नाव, बक्कल नंबर,
आणि सही, शाळेत गिरवल्यासारखी.

सटवाजी सुटला. तळव्याच्या कडेनं चालतो.
पोतं उचलत नाही आता, सुतळी विकतो.
मला रामराम घालत नाही.
घालू नये.

मी निलंबित. ठाण्यात मला
घरभेदी म्हणतात, मोंढ्यात अजून खबऱ्या.
अल्ताफच्या बाकावर नवीन पोरगं बसतं,
पेपर धरून, पान न उलटता.
काल जाता जाता त्याच्या खांद्यावर हात ठेवला :
"तीनच वाक्यं बोललो रे आज.
तेवढीच लिही."