एफडी शून्य

मिरचीच्या पथारीवरून वारा सुटला
की बाजार समितीचं अख्खं ऑफिस शिंकतं,
आधी शिपाई, मग सचिव, मग मी.
आज झाकण काढल्यावर वाटलं,
आता हा ड्राइव्हही शिंकणार.
आत तीस वर्षांची लाल भुकटी,
तव्याला चिकटून राहते तशी, काळपटलेली.
कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून
त्याची दोन्ही डोकी पुसली, वरचं आणि खालचं,
तान्ह्या पोराचे कान पुसतात तितक्या हळू.

समोर बाकावर मथाबाई मालचे.
तिला दाखवायचंय की त्र्याण्णव ते सत्त्याण्णव
ती इथे, नंदुरबारात, देठ खुडत होती,
टोपलीमागे साठ पैसे.
मस्टर वाळवीने खाल्लं.
उरल्या अकरा फ्लॉप्या, भटू आप्पांच्या अक्षरातल्या:
'खुडणी हजेरी', आणि खाली लाल शाईत,
'चुंबक जवळ आणू नये'.
भटू आप्पा आता सुरतेला, लेकाकडे. ऐकू कमी येतं.
फोनवर ओरडले, "मशीनलेच इचार!"

मशीन म्हणालं, नाही.
कर्नलच्या ओळी सरसर वर गेल्या,
स्टेशनात न थांबता मालगाडी जावी तशा,
आणि शेवटच्या डब्यावर:
फ्लॉपी कंट्रोलर सापडला नाही.

बायॉस उघडला. तिथे 'ए' पुढे कुणीतरी
'काही नाही' असं निवडून ठेवलेलं,
कधीतरी, सहज, कुणाला लागत नाही म्हणून.
ते बदललं. मग दिवा पेटला
आणि विझेचना.
म्हणजे केबल उलटी.
चपटी, राखाडी पट्टी; मध्येच सात तारांना एक पीळ.
पिळाच्या पुढे बसला तो पहिला,
अलीकडे बसला तो दुसरा.
ड्राइव्ह तोच, स्क्रू तेच,
नंबर फक्त पिळावर.
मथाबाईला हे सांगितलं तर म्हणाली,
"आसंच ऱ्हास."

मॉडप्रोब फ्लॉपी.
डेव्हमध्ये एफडी शून्य उगवला.
माउंट.
नकार.
पुन्हा माउंट, पुन्हा नकार.
चहा आला, त्यावर साय धरली.
"मन्हं नाव शे का रे भाऊ त्यामा?"
बघतोय, मावशी.

मग फ्लॉपी खिडकीच्या उजेडात धरली.
एकाच कोपऱ्यात भोक.
सातशे वीसवाली!
एवढा वेळ मी तिच्याकडे दुप्पट मागत होतो.
तिचं माप तिला सांगितलं,
फक्त वाचीन म्हटलं, लिहिणार काहीच नाही.
एंटर.

घर्र. टक. घर्र टक टक.

मथाबाई बाकावरून उठली.
"पगारना दिन हाऊच आवाज ये."
पाच-सहा जणी खिडकीशी उभ्या राहायच्या म्हणे,
हाताची आग पदरात दाबून,
आणि आत हे असं दळण चालायचं.
अक्षर तिला येत नाही. आवाज येतो.

नावं उतरली, रोमन लिपीत, सगळी मोठ्या अक्षरांत,
ओळ चुकलेली, 'मथा'च्या जागी कुठे 'माथा':
टोपल्या अकरा, टोपल्या चौदा, टोपल्या नऊ.
ऑक्टोबर होता. नोव्हेंबर होता.
पंच्याण्णवच्या फेब्रुवारीवर येऊन ड्राइव्ह अडखळला,
तीनदा मागे जाऊन पुढे आला,
आणि वाचन त्रुटी.
डीडीला सांगितलं, चूक सोडून पुढे जा.
गेला. फेब्रुवारीच्या जागी नुसती शून्यं.

म्हटलं मावशी, एक महिना गेला हो,
तेवढा काही निघत नाही.
ती हसली, तोंडावर पदर धरून.
"त्या महिनामा मी उनूच नही.
पोर व्हयनी तव्हय."

अकराही फ्लॉप्या उतरवून झाल्या, तर दिवेलागण.
उठण्याआधी एफस्टॅबमध्ये एक ओळ घातली:
नोऑटो, युझर.
काय लिखं, तिने विचारलं.
म्हटलं, आपणहून उघडायची नाही,
पण कुणीही मागितली तर उघडेल.
साहेबच पाहिजे असं नाही.

प्रिंट घडी घालून तिने पिशवीत ठेवली,
दारापर्यंत गेली, वळली.
"मंग एवढा दिन कोनी मांगीच नही का?"

वारा सुटला होता.
मला शिंक आली.