नऊ सेकंद

अ‍ॅबर्डीनची डॉक्टरीण पडद्यावरून म्हणाली,
"छान. तासाला तीन पूर्णांक दोन. पाचाच्या आत म्हणजे उत्तम."
गिबीने मान डोलावली
आणि तिचं बोलणं संपायच्या आत खुर्चीतच पेंगला,
चहाचा कप पोटावर, तिरका.

कप मी काढून घेतला.
आकडा उत्तम, आणि माणूस असा.

मशीनच्या कुशीतून नखाएवढं कार्ड काढलं,
भाच्याच्या जुन्या लॅपटॉपात खुपसलं.
एक रात्र उघडली तर सतरा आलेख एकावर एक,
मांजराने खेळून टाकलेली लोकर जशी.

चाळीस वर्षं मी आलेखावरूनच विणते आहे,
काळी चौकट निळा धागा, कोरी चौकट करडा.
मला कुणी चौकटींची भीती घालू नये.

नको ते मिटवले. चार ठेवले:
प्रवाह, दाब, गळती, आणि खुणांची पट्टी.
प्रवाह ओढून सगळ्यात वर नेला, दुप्पट उंच केला,
शून्यावर बारीक तुटक रेघ मारली:
रेघेच्या वर घेतलेला श्वास, खाली सोडलेला.
गळतीला चोविसावर लाल रेघ.
मग उंचीचं माप बांधून टाकलं, सगळ्या रात्रींना एकच.
ते आपोआप बदलू दिलं
की मास्कच्या कडेची फुंकर एका रात्री डोंगर होते
आणि खरा डोंगर दुसऱ्या रात्री टेकाड.
वेगळ्या सुयांवर विणलेल्या दोन बाह्यांची
टाके मोजून लांबी ठरत नाही.

आठ तास एका रुंदीत कोंबले तर श्वास दिसतच नाहीत,
दिसतो एक केसाळ पट्टा, ओल्या मेंढीची पाठ.
तीन मिनिटं केली.
तेव्हा एकेक टाका सुटा झाला.
वर गोल, खाली गोल. वर गोल, खाली गोल.
लाज वाटली थोडी,
दार न वाजवता आत गेल्यासारखी,
लग्नाला एकतीस वर्षं होऊनही.

चार वाजून सात मिनिटं.
गोल माथे चपटे होत गेले,
मग रेघ शून्यावर आडवी.
बोट ठेवून सेकंद मोजले. नऊ.
मग एक ओढून घेतलेला श्वास, चौकटीबाहेर जाईल एवढा.
चार-पाच बरे. पुन्हा आडवी.
आठ. नऊ. पुन्हा नऊ.
खुणांची पट्टी कोरी.

पुस्तिका शोधली. मशीन दहापासून मोजतं.
नऊ सेकंद थांबलेला श्वास
त्याच्या लेखी थांबलेलाच नाही.

मशीन यायच्या आधी मोजायचं काम माझं होतं.
उन्हाळ्यात येलच्या बेटावर रात्र नीट काळी होत नाही,
त्याची छाती दिसायची, आणि हलायची नाही.
पाचापर्यंत मी गप्प पडून राहायचे,
सातावर कोपर मारायचे.
दहापर्यंत कधीच थांबले नाही.
कुणी थांबतं?

तीन आठवड्यांच्या रात्री एकाखाली एक लावल्या.
रोज चारनंतरच.
चारला उठून तो पहिली बोट न्यायचा, सव्वीस वर्षं.
बोट आता दुसरा कुणी नेतो,
अंगाला कुणी सांगितलेलं नाही.
ते अर्धवट जागं होतं, उशी दुमडतं,
हनुवटी छातीत रुतवून पुन्हा निजतं.

दुमडता येणार नाही अशी उशी आणली.
गळपट्टा विणला, दुहेरी, घट्ट, हनुवटीला टेकू.
"ऑस्ला, मी पाद्री दिसतो," तो म्हणाला.
"झोपलेला पाद्री," मी म्हटलं.
त्या तीन मिनिटांचं चित्र डॉक्टरिणीला पाठवलंय,
नऊच्या नऊ जागी पेन्सिलीने गोल करून.
उत्तर आलेलं नाही.

आज सकाळी चहा गरम असतानाच त्याने संपवला.
एका चहाने काही ठरत नाही.
कार्ड अजून मशीनमध्येच आहे.