दाश

कुंदुझच्या तळावर, धावपट्टीच्या कडेला,
एका पत्र्याच्या खोलीत आम्ही चौघे.
मेजर वेर्शकोव्ह, नकाशावाला त्सिबुल्का,
बातमी घेऊन आलेला मीठविक्या खैरगुल,
आणि मी, खुजंदचा दुभाष्या,
वय बावीस, मिशी नुकतीच जमवलेली.

नकाशा जुना. इतका जुना
की त्यावरची नदी अजून पूर्वेच्या पात्रातून वाहत होती.
विमानातून काढलेला फोटो सहा दिवसांचा शिळा.
भिंग सरकवत मेजर म्हणाला, ही सावली की डाग?
त्सिबुल्का म्हणाला, फिल्मवरचा ओरखडा असेल.
त्या रात्री ओरखड्यालाही मान होता.
आमच्याकडे जे काही होतं, त्यात तो एक होता.

पहाटे पाच दहा. सहा हेलिकॉप्टर.
खिंडीतून खाली, नदीच्या अंगानं, सूर्य पाठीशी.
इंधन किती, रॉकेटं किती, परतायचं कुठून,
सगळं बोटांवर मोजून झालेलं.
गावात काय आहे, तेवढं फक्त कुणाला ठाऊक नव्हतं.

मीठविक्याला चहा दिला.
त्यानं साखरेचा खडा गालात धरला
आणि तो तसाच ठेवून बोलला:
गावामागं, तुतीच्या रांगेपलीकडं, तीन दाश.

तीन काय?

दाश.

आमच्या खुजंदला दाश म्हणजे काहीच नाही.
पण तळावर एक शब्द उठता-बसता कानी पडायचा,
दाश्का.
लांब नळीची मशीनगन. तिचं नाव निघालं
की वैमानिक सिगारेट अर्धीच विझवत.
मला वाटलं, माणूस दमलाय, तोंडात खडा आहे,
शब्दाचं शेपूट गिळलं असेल.

पुन्हा विचारलं नाही असं नाही.
विचारलं, मोठे? त्यानं हात पसरले.
विचारलं, माणसं असतात तिथं?
म्हणाला, रात्रभर. आळीपाळीनं.
एकेक उत्तर नेमकं बसत गेलं,
भलत्याच घराच्या कुलपात आपली किल्ली फिरावी तसं.

मेजरनं पेन्सिल टेकवली. नक्की?
नकाशावरची चौकट लहान होती,
‘बहुधा’ तीत मावला नसता.
मी म्हणालो, नक्की.

त्सिबुल्कानं तीन लाल त्रिकोण काढले,
पट्टी लावून, सारख्या मापाचे.
पहिली रॉकेटं तिकडं, असं ठरलं.

सहा गेली. पाच परतली.
गोळ्या आल्या त्या जर्दाळूच्या बागेतून,
जिथं नकाशावर नुसता कोरा कागद होता.
आन्तीप नावाचा वैमानिक शिरस्त्राण न काढताच सांगत राहिला:
तुमच्या त्रिकोणांवर पोचलो तेव्हा
धूर आधीच निघत होता.
आम्ही तोवर काही सोडलंच नव्हतं.
मेजरनं लिहून घेतलं. खाली रेघ मारली नाही.

त्यानंतर अकरा वर्षांनी, खुजंदच्या बाजारात,
मी शिलाई मशीन दुरुस्त करत बसलेलो.
नदीपलीकडून जीव घेऊन आलेला एक गवंडी
दारात उभा. इथं दाश कुठं आहे, भाऊ?
काम मिळतंय का बघतो.

मी म्हणालो, काय?

विटांचा, म्हणाला तो. आणि हात पसरले.

आमच्याकडं त्याला खुमदान म्हणतात.
भाषा तीच, मध्ये फक्त नदी.
मी हातातला स्क्रू खाली ठेवला.
तो कुठं ठेवला, ते नंतर सापडलं नाही.
त्याला रस्ता सांगितला:
कालव्याकाठानं सरळ जा,
पुढं धूर दिसेल.